सही करण्याआधी एवढं वाचा

मैत्रिणींनो, १९७० मध्ये सिडको आली आणि आपल्या भागाचं चित्रच बदललं. जमिनी संपादनात गेल्या, पुढे साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, गावठाणातल्या घरालाही भाव आला. जागेला भाव आला की घरात एक कागद फिरतो : हक्कसोड पत्र. "ताई, इथे फक्त सही कर," असं भाऊ म्हणतो आणि आपण माहेर तुटू नये म्हणून सही करतो. ही सही म्हणजे नेमकं काय सोडणं, हे एका अर्थतज्ज्ञ बाईंनी आयुष्यभर अभ्यासलं आहे. त्यांचं नाव बीना अगरवाल.

१९५१ चा जन्म, शिक्षण केंब्रिज आणि दिल्लीत. दिल्लीच्या आर्थिक विकास संस्थेत त्या अनेक वर्षं प्राध्यापक होत्या, नंतर इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठात. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी चुलीचाही अभ्यास केला. सरपण कमी झालं की कुणाची पायपीट वाढते, यावर त्यांनी १९८६ मध्ये पुस्तक लिहिलं. १९९४ मध्ये आलं आणखी एक पुस्तक, बाईच्या नावावरच्या जमिनीबद्दल. त्यांचं म्हणणं सरळ आहे : बाईला नुसती मजुरी किंवा कर्ज मिळून भागत नाही, तिच्या नावावर काहीतरी हवं.

याचा पुरावा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने केरळमध्ये दिला. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या सुमारे ५०० विवाहित बायकांशी बोलून त्यांनी मारहाणीची माहिती घेतली. ज्यांच्या नावावर ना जमीन ना घर, त्यांच्यापैकी ४९ टक्के बायकांनी मार खाल्ला होता. जमीन आणि घर दोन्ही नावावर असलेल्यांमध्ये हे प्रमाण ७ टक्के होतं. कारण समजायला अवघड नाही. जिला जायला स्वतःचं छप्पर आहे, तिच्यावर हात उचलताना समोरचा विचार करतो.

आता कायदा. हिंदू वारसा कायद्यात मुलीला मुलाइतका हक्क मिळावा म्हणून झालेल्या मोहिमेत बीनाताई पुढे होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीचा जन्मापासून मुलाइतकाच हिस्सा आहे. लग्न झालेलं असलं तरीही. आपल्या राज्याने १९९४ मध्येच अशी सुधारणा केली होती, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या होत्या. तो फरक २००५ ने मिटवला. त्या दिवशी वडील हयात नव्हते तरी मुलीचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणी करून झालेली वाटणी उघडता येत नाही. आणि वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात.

बीनाताईंचा आणखी एक अभ्यास आपल्या खाडीला लागू पडतो. गुजरात आणि नेपाळमध्ये गाव मिळून जंगल राखतं, तिथे त्यांनी समित्या पाहिल्या. एखादी बाई नावापुरती घेतली तर ती गप्प बसते. समितीत पाव ते एक तृतीयांश बायका असल्या की त्या बैठकीला येतात, बोलतात. बायका जास्त असलेल्या समित्यांची जंगलंही चांगली राहिली. आपल्याकडे होडी पुरुष नेतो, पण मासळी विकून घर चालवते बाई. तिवरं तुटली, खाडीत घाण आली तर टोपली आपली रिकामी राहते. मग खाडीबद्दल ठरवणाऱ्या बैठकीत आपल्यातल्या किती जणी असतात?

पुढच्या गटाच्या बैठकीत एवढं करा :

१. माहेरच्या आणि सासरच्या जागेचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढून नावं वाचा.

२. हक्कसोड पत्रावर सही मागितली तर कागद घरी आणा, गटात वाचून घ्या. एकदा नोंदणी झाली की परत फिरणं फार कठीण.

३. सल्ला हवा असेल तर ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बायकांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

हिस्सा सोडायचा की घ्यायचा, हे तुमचं तुम्ही ठरवा. भावाला प्रेमाने द्यायचा असेल तर जरूर द्या. पण काय देतोय, ते आधी माहीत असू दे.