फिरावयास जातांना कानांत काय असावें ?

गेल्या कार्तिकांत आमच्या अकोल्याच्या धाकट्या बंधूंस छातींत दुखूं लागल्यामुळें चार दिवस रुग्णालयांत राहावें लागलें. ईशकृपेनें प्रसंग टळला. पण घरीं सोडतांना डॉक्टरांनीं बजाविलें कीं, औषधांइतकेंच चालणें महत्त्वाचें, आणि तें रोज अर्धा तास, आठवड्यांतून निदान पांच दिवस, भरभर झालें पाहिजे. बंधूंनीं आठ दिवस हा नियम पाळला. नवव्या दिवशीं थंडी होती, दहाव्या दिवशीं पाहुणे होते, आणि अकराव्या दिवशीं त्यांनीं आम्हांस अमरावतीस फोन करून सांगितलें, "दादा, एकट्यानें चालण्याचा फार कंटाळा येतो हो." त्यांच्या चिरंजीवांनीं, म्हणजे आमच्या पुतण्यानें, लागलीच तोड काढली कीं, बाबांनीं गाणें ऐकत चालावें, त्यासाठीं खिशांत मावेल असा एखादा प्लेअर घेऊं. कोणता घ्यावा याचा निर्णय मात्र वडीलकीच्या नात्यानें आमच्याकडे आला.

हा निर्णय दिसतो तितका सोपा नाहीं, हें आम्ही मोडलेल्या मनगटानें शिकलों होतों. दोन वर्षांपूर्वीं सूनबाईनें मोठ्या हौसेनें आम्हांस रबरी बोंडांचा इअरफोन आणून दिला. तो कानांत घालून छत्री तलावाच्या रस्त्यानें पहाटे भजन ऐकत चाललों असतां मागून येणाऱ्या दुचाकीचा भोंगा आम्हांस ऐकूंच आला नाहीं. धक्का निसटताच लागला, पण उजवा हात सहा आठवडे प्लास्टरमध्यें अडकला. दुचाकीवाल्या मुलास आम्ही दोष देत नाहीं. तो बिचारा तीनदां भोंगा वाजवून थकला होता, असें पाहणाऱ्यांनीं सांगितलें. हें सारें ठाऊक असल्यामुळें आम्ही अकोल्यास पोंचतांच भावजयीनें चहाच्या आधीं तेंच काढलें : "दादा, तुमचा हात मोडला तेवढें पुरे झालें. ह्यांच्या डाव्या कानानें आधींच कमी ऐकूं येतें. त्यांत आणखी कांहीं घालूं नका."

आमचें मत विचाराल तर व्यायामास नादाची जोड असूं नये असें मुळींच नाहीं, आणि अमरावतीकरांस तर तें शोभणारही नाहीं. वैद्यबंधूंनीं १९१४ सालीं जें रोपटें लावलें, त्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं भारतीय व्यायामप्रकारांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. अशा गांवांत वाढलेल्या मुलानें लेझीम हातांत धरली नाहीं असें सहसा होत नसे. लेझीम ही वस्तु जरा नीट पाहावी. लांकडी दांडा, त्यास लोखंडी सांखळी, सांखळींत चकत्या. हात चुकला तर आवाज चुकतो, आणि आवाज चुकला कीं शेजारच्यास लागलीच कळतें. व्यायामाचें साधन आणि तालाचें वाद्य हीं दोन्ही एकाच हातांत देणारी अशी दुसरी युक्ति आमच्या पाहण्यांत नाहीं. आम्ही मास्तर असतांना कवायतीच्या तासाला ढोल वाजविणारा मुलगा घाईंत आला कीं शंभर मुलांच्या रांगा घाईंत येत, आणि तो पेंगुळला कीं साऱ्या मैदानास पेंग येई. ढोल शरीराला ओढून नेतो, हें आम्हांस तेथेंच कळलें.

पश्चिमेकडील लोकांनीं हीच गोष्ट मोजून पाहिली. लिओनार्ड एअर्स नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १९११ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, सहा दिवसांच्या सायकलशर्यतींत बँड वाजत असतांना स्वारांचा वेग बँड थांबला असतांच्या वेगाहून अधिक भरला. अलीकडे, १९९८ सालीं, इथियोपियाचा प्रख्यात धावपटु हेले गेब्रसेलासी यानें बर्मिंगहॅमच्या बंदिस्त मैदानांत दोन हजार मीटरचा जागतिक विक्रम केला, तेव्हां आपल्या पावलांस जुळणारें एक गाणें त्यानें मुद्दाम ध्वनिक्षेपकावरून लावून घेतलें होतें. परंतु ढोल काय, बँड काय, आणि ध्वनिक्षेपक काय, हे सर्व उघड्यावर वाजणारे. प्रश्न उत्पन्न झाला तो ढोल एकट्याच्या कानांत शिरल्यापासून.

तो शिरला १९७९ च्या जुलै महिन्यांत. जपानांत सोनी कंपनीनें वॉकमन म्हणून कॅसेटचें एक लहान यंत्र विक्रीस आणलें. कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांनीं आपल्या आत्मचरित्रांत त्याची एक मौजेची हकीकत दिली आहे. प्रयोगादाखल केलेलें यंत्र त्यांनीं घरीं नेऊन ऐकावयास सुरुवात केली, तों त्यांच्या पत्नीस राग आला. नवरा समोर बसला आहे, पण आपण जणूं घराबाहेर, असें तिला वाटलें. यावरून मोरितांनीं पहिल्या वॉकमनला दोघांनीं मिळून ऐकण्याकरितां दोन हेडफोनांची जागा ठेवली. शिवाय एक नारिंगी बटण ठेवलें, तें दाबलें कीं गाणें हलकें होऊन आंतल्या मायक्रोफोनमधून समोरच्याचें बोलणें ऐकूं येई. पुढें गिऱ्हाइकांस ते आपापल्या एकट्याचें यंत्र समजतात असें आढळून आलें, आणि दुसरी जागा व तें बटण दोन्ही गेलीं. आम्हांस तें नारिंगी बटण फार आवडलें. आमच्या भावजयीनें नेमकें तेंच मागितलें होतें.

यानंतरची कथा थोडक्यांत सांगतां येईल. कॅसेट गेली व चकती आली. चकती धांवतांना अडखळे. २००१ सालीं आयपॉड आला आणि २०२२ सालीं बंद झाला. आतां हलणारा एकही भाग नसलेल्या, अंगठ्याएवढ्या डब्या मिळतात, त्या कितीही हिसके बसले तरी गात राहतात. यामुळें 'धांवतांना थांबत नाहीं' हा गुण आतां सर्वांचाच. त्यासाठीं जादा दाम मोजूं नये. साठ्याचेंही तसेंच. दुकानदार मोठमोठे आंकडे सांगतो, पण साधारण ध्वनिमुद्रणास मिनिटाला सुमारें एक एम.बी. जागा लागते, चार जी.बी.च्या डबींत साठाहून अधिक तास गाणें मावतें. रोज अर्धा तास चालणाऱ्यास तें चार महिने पुनरुक्तीवांचून पुरेल. चार महिने रोज चालला, तर पुढचें पाहूं !

पुतण्याचें म्हणणें होतें कीं, मोबाइल असतांना वेगळी डबी कशाला. आम्हीं हट्टानें नाहीं म्हटलें. मोबाइल खिशांत जड होतो, मध्येंच वाजतो, आणि बंधूंचा स्वभाव असा कीं, एखाद्या मेहुण्याचा सुविचार आला कीं ते रस्त्यांत उभे राहून चष्मा काढून वाचतील. डबीस बटणें असावींत, व तीं चष्म्यावांचून नुसत्या बोटानें कळावींत. घामाचाही विचार हवा. वऱ्हाडांत चैत्रापासून पहाटेसही अंग भिजतें. शिंतोडे सोसण्याची आय.पी.एक्स. ४ ही प्रत निदान पाहून घ्यावी. आणि मे महिन्यांत, जेव्हां अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हां असली वस्तु बंद मोटारींत विसरूं नये. उन्हानें बॅटरी खराब होते.

तथापि खरी निवड डबीची नसून कानाशीं काय बसतें याची आहे. पुतण्यानें मित्रांकडून तीन प्रकार मागून आणले. पहिला, बाहेरचा आवाज मारून टाकणारा, रबरी बोंडांचा. "काका, यांत बाहेरचें कांहीं म्हणजे कांहीं ऐकूं येत नाहीं !" असें तो कौतुकानें म्हणाला. दुसरा साधा, कानाच्या तोंडाशीं सैल बसणारा. तिसरा कानांत जातच नाहीं. कानापुढच्या हाडावर टेकतो व त्याचें कंपन हाडावाटे आंतल्या कानास पोंचतें, कानाची वाट मोकळीच राहते. दुसऱ्या दिवशीं पहाटे कृषी विद्यापीठाच्या आवारांतील झाडीच्या रस्त्यावर आम्हीं परीक्षा घेतली. बंधूंनीं गाणें ऐकत पुढें चालावें, पुतण्यानें वीस पावलें मागें सायकल घेऊन यावें व मनास येईल तेव्हां घंटा वाजवावी. ऐकूं आली कीं बंधूंनीं हात वर करावयाचा. पहिल्या प्रकारांत घंटा चारदां वाजली. समोरून येणारे एक गृहस्थ थबकून बाजूस झाले, पण बंधूंचा हात वर गेला नाहीं. दुसऱ्यांत चारांपैकीं दोनदां गेला. तिसऱ्यांत चारही वेळां. भावजय शाल पांघरून कडेला उभी होती. ती कांहीं बोलली नाहीं, पण पहिला जोड तिनें आपल्या हातांनीं डबींत घालून पुतण्यास परत दिला.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. हाडावाटे आला म्हणून नाद निरुपद्रवी होत नाहीं. आंतला कान तोच. कानाची वाट मोकळी असल्यामुळें रस्त्याचा गोंगाट आंत येतो, आणि मग माणूस आवाज वाढवीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांस ८० डेसिबलचा नाद आठवड्याला ४० तासांपर्यंत चालेल असें ठरविलें आहे. ९० डेसिबलला तीच मर्यादा ४ तासांवर येते. घरांत डेसिबल मोजावयाचें यंत्र कोठून असणार ? म्हणून आम्हीं अशी खूण बांधून दिली कीं, हातभर अंतरावरचा माणूस साध्या स्वरांत बोलला तर तें कळलें पाहिजे. न कळल्यास आवाज मोठा आहे. गर्दीच्या रस्त्यावर, टिळक रोडवर म्हणा, डबी बंदच ठेवावी.

आतां गाण्याचें. बंधूंस नाट्यसंगीताचें वेड. पहिल्या दिवशीं त्यांनीं तेंच लाविलें. आम्ही घड्याळ धरून त्यांचीं पावलें मोजीत होतों. कांहीं न ऐकतां तीं मिनिटाला ८४ पडत होतीं. नाट्यपद सुरू झालें आणि ७६ वर आलीं. एका तानेला तर ते चक्क उभे राहून मान डोलवूं लागले. मग भजनी ठेक्याचा एक द्रुत अभंग लाविला, तों १०२. चालणें भरभर म्हणावयाचें तर मिनिटास शंभराच्या आसपास पावलें पडावींत असा तज्ज्ञांचा अंदाज आहे, आणि ज्याच्या मात्रा त्या गतीनें पडतात तेंच गाणें येथें उपयोगी. डॉक्टर दुसरीही एक खूण सांगतात : चालतांना बोलतां यावें, पण गातां येऊं नये. बंधु अभंगाबरोबर मोठ्यानें गाऊं लागले कीं त्यांचीं पावलें मंदावलीं असें समजावें. आणि बोलतांना धाप लागली कीं अभंग बंद करून सावकाश चालावें, कारण ढोल ओढून नेतो हें वर सांगितलेंच आहे, आणि दुखावलेल्या हृदयास ओढून नेऊं नये. नाट्यपदें संध्याकाळीं झोपाळ्यावर ऐकण्याचें त्यांनीं कष्टानें कबूल केलें. सूर्यनमस्कारांस मात्र आम्हीं डबी वर्ज्य सांगितली. तेथें ताल श्वासाचा असतो.

या गोष्टीस आतां चार महिने होत आले. बंधु आठवड्यांतून पांच दिवस चालतात, क्वचित् चार. परवां फोनवर त्यांनीं तक्रार केली कीं, हल्लीं भावजयही बरोबर येते आणि सबंध रस्ता बोलत असते, त्यामुळें अभंगाचे अर्धे शब्द हुकतात. आम्हीं विचारलें, "मग बोलणें सगळें ऐकूं येतें ना ?" "येतें तर !" ते म्हणाले. पाडव्यास आम्ही अकोल्यास जाणार आहोंत. भावजयीचीं पावलें अद्याप मोजावयाचीं राहिलीं आहेत.