जुन्या कॉम्प्युटरची साथ कोणी द्यायची?

आमच्या शाळेत आठ जुने कॉम्प्युटर आहेत. मुली त्यांवर उर्दू आणि मराठी टायपिंग शिकतात. मध्यंतरी लिनक्सची नवी आवृत्ती टाकायला बसलो, तर ती काही मशीनवर चढेचना. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "आपा, मशीन तर चालू आहे, मग हे नको का म्हणतंय?"

प्रश्न साधा, पण नेमका होता. लिनक्स हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर. ते मोफत मिळते, त्यात कोणीही सुधारणा करू शकतो. आपल्यासारख्या लहान गावांतल्या शाळांना त्याचाच आधार. मग त्यांनीच जुन्या यंत्रांची साथ सोडावी का?

२००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत 'एक मूल, एक लॅपटॉप' योजनेचे छोटे लॅपटॉप आले. त्यांत एएमडीचा जिओड प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी आणि लिनक्स होते. हा प्रोसेसर फार थोड्या कॉम्प्युटरमध्ये असे. 'डेबियन' या मोठ्या लिनक्स प्रकल्पाने २०२३ च्या १२ व्या आवृत्तीत त्याची साथ सोडली. ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत तर ३२ बिटच्या कॉम्प्युटरसाठी इन्स्टॉलरच नाही.

राग येतो, पण दुसरी बाजूही पाहायला हवी. प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी हजारो प्रोग्राम वेगळे तयार करावे लागतात आणि प्रत्यक्ष मशीनवर तपासावे लागतात. डेबियनचे काम करणारे बहुतेक स्वयंसेवक आहेत. ज्याच्याकडे ते मशीनच नाही, त्याने बिघाड कसा शोधावा? न तपासता "चालेल" म्हणणे हीही फसवणूकच.

म्हणून मला वाटते, तपासणारा माणूस आहे तोवर साथ द्यावी. थांबायचे असेल तर आधी सांगावे आणि जुन्या आवृत्तीला काही वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या द्याव्यात. डेबियन १२ ला त्या जून २०२८ पर्यंत मिळणार आहेत.

आणि आपण? आपण फक्त घेणारे राहिलो, तर आपले मशीन कोणाला दिसणारच नाही. जुने मशीन वापरणाऱ्या शाळेने नवी आवृत्ती येण्याआधी ती चालवून पाहावी आणि अडचण प्रकल्पाला कळवावी. एवढ्याला पैसे लागत नाहीत.

भंगारात देण्याआधी आणखी एक पाहा. आम्ही तपासले, तर आठपैकी पाच प्रोसेसर ६४ बिटचे निघाले. त्यांवर फक्त ३२ बिटची सिस्टीम टाकलेली होती. त्या पाचांवर नवी आवृत्ती बसली. उरलेल्या तिघांवर डेबियन १२ आहे.

प्रश्न विचारणारी ती मुलगी आता वहीत प्रत्येक मशीनच्या अडचणी तारखेसह लिहून ठेवते. पुढच्या महिन्यात त्यातली पहिली अडचण आम्ही प्रकल्पाला कळवणार आहोत.