बोलके पुस्तक : हेमलकसाच्या कसोटीवर

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तिच्यावरचा पूल पाण्याखाली जातो आणि पलीकडील भामरागडचा इतर जगाशी संबंध तुटतो. नदीच्या अलीकडे, गडचिरोली जिल्ह्याच्या याच दुर्गम तालुक्यात हेमलकसा आहे. १९७३ साली बाबा आमटे यांनी येथे लोकबिरादरी प्रकल्पाची मुहूर्तमेढ रोवली. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंड बांधवांसाठी दवाखाना चालवला, आश्रमशाळा उभी केली. २००८ साली या दांपत्यास रॅमन मॅगसेसे पुरस्कार प्राप्त झाला.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने जैन परंपरेने श्रेष्ठ मानली आहेत. पर्युषण वा दशलक्षण पर्वाच्या निमित्ताने अंध बांधवांना पुस्तके ऐकवणारी यंत्रे द्यावीत, असा संकल्प अनेक कुटुंबे करतात. हेतू पवित्र असतो, परंतु निवड पुष्कळदा शहराच्या सवयीने होते. जे यंत्र पुण्यात उत्तम चालते, ते भामरागडच्या एखाद्या पाड्यावर आठवडाभरात निरुपयोगी ठरू शकते. म्हणून खरेदीपूर्वी हेमलकसाची कसोटी लावून पाहावी.

त्याही आधी नेत्रतपासणी आवश्यक आहे. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी बहुधा शस्त्रक्रियेने परत येते. तेथे औषधदान हेच पहिले कर्तव्य होय. काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परतत नाही. अशा व्यक्तींसाठी बोलके पुस्तक हा मोठा आधार आहे.

पहिला प्रश्न कळांचा. स्मार्टफोनचा गुळगुळीत पडदा शिकलेला अंध तरुण सहज हाताळतो, कारण फोन प्रत्येक खूण बोलून दाखवतो. परंतु उतारवयात दृष्टी गमावलेल्यास बोटांना जाणवणाऱ्या, ठळक कळाच सोयीच्या असतात. ‘व्हिक्टर रीडर स्ट्रीम’सारख्या यंत्रावर दूरध्वनीप्रमाणे अंकांच्या कळा असून पाचाच्या कळेवर उंचवटा असतो. त्यावरून इतर कळांचा ठाव लागतो.

दुसरा प्रश्न पुस्तकाच्या रचनेचा. साध्या ध्वनिफितीत सातवे प्रकरण शोधणे म्हणजे चाचपडणे. ‘डेझी’ ही अंधांसाठीच विकसित झालेली पद्धत आहे. तिच्यात प्रकरणावरून प्रकरणावर आणि शीर्षकावरून शीर्षकावर जाता येते, खूण ठेवता येते, तसेच वाचनाचा वेग वाढवता येतो. यंत्र बंद केले तरी जिथे थांबले तिथूनच ते पुढे वाचू लागते. विद्यार्थ्यासाठी हा गुण अनिवार्य समजावा.

तिसरा प्रश्न वीज आणि जाळ्याचा. पुस्तके मेमरी कार्डावर साठवून जाळ्याविना ऐकता आली पाहिजेत. बॅटरी दीर्घकाळ टिकणारी, बदलता येणारी आणि गावात मिळणाऱ्या साध्या चार्जरवर भारली जाणारी असावी. दुरुस्ती कोठे होईल, हेही विक्रेत्यास आधीच विचारावे. यंत्राच्या सूचना कोणत्या भाषेत बोलल्या जातात, ते स्वतः ऐकून पाहावे.

मग पुस्तके कोठून आणावीत? २०१६ साली सुरू झालेले ‘सुगम्य पुस्तकालय’ हे दृष्टिबाधितांसाठीचे राष्ट्रीय ऑनलाइन ग्रंथालय आहे. मुंबईत वरळी येथे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेचे बोलक्या पुस्तकांचे ग्रंथालय आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय स्वामित्वहक्क कायद्याने अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाचे सुलभ रूप तयार करण्यास मोकळीक दिली. त्यानंतर मराकेश कराराला सर्वप्रथम अनुमोदन देणारा देशही भारतच ठरला. तेव्हा शहरात पुस्तके उतरवून घेऊन कार्ड भरून पाठवणे, हे दात्याचेच काम समजावे. रिकामे यंत्र म्हणजे कोरी वही.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. माडिया ही प्रामुख्याने मुखाने जपलेली भाषा आहे. मराठी न समजणाऱ्या माडिया आजीला उत्तम यंत्र दिले, तरी ती ऐकणार काय? म्हणून यंत्रात ध्वनिमुद्रणाची सोय असावी. आश्रमशाळेत शिकलेल्या नातवाने आरोग्याची माहिती माडियात वाचून मुद्रित करावी आणि आजीच्या कथा तिच्याच आवाजात साठवाव्यात. मग आजी केवळ घेणारी राहणार नाही, देणारीही होईल.

जैनांना हे नवे नाही. ‘श्रुत’ म्हणजे ऐकलेले. आगमज्ञान अनेक शतके गुरुमुखातून शिष्याच्या कानी आले. ते लिपिबद्ध झाल्याचे स्मरण दिगंबर परंपरेत श्रुतपंचमीला केले जाते. ज्यांना लिपी दिसत नाही, त्यांच्यासाठी ग्रंथ पुन्हा आवाजात आणणे ही श्रुताचीच सेवा होय. तेव्हा दहा यंत्रे वाटून परतण्यापेक्षा दोनच द्यावीत, ती वापरायला शिकवावीत आणि दर चातुर्मासापूर्वी, पूल पाण्याखाली जाण्याआधी, नवे कार्ड भरून पोहोचवावे.