मनाचा घोर आणि बोलण्याचा उपचार

जिंतूर, पालम किंवा सोनपेठच्या एखाद्या दवाखान्यातील बाकावर सकाळी तासभर बसले, तर काही तक्रारी पुन्हा पुन्हा कानी पडतात. कोणाचा जीव घाबरतो, कोणाच्या छातीत धडधडते, कोणाचा रात्र रात्र डोळा लागत नाही. नाडी पाहिली जाते, रक्तदाब मोजला जातो, शक्तीची सुई टोचली जाते. फारच झाले तर सलाईन. दोन दिवस बरे वाटते आणि तिसऱ्या दिवशी धडधड पुन्हा सुरू होते. अखेर हृदयाचा आलेखही निर्दोष निघतो, तेव्हा ‘तुम्हाला काही झालेले नाही, ताण घेऊ नका’ असे सांगून रुग्णाची बोळवण होते. ताण हा बाजारातला जिन्नस असता, तर तो मुद्दाम विकत घेणारा मनुष्य परभणी जिल्ह्यात तरी सापडला नसता.

या बोळवणीमुळेच समुपदेशनाविषयी मोठा गैरसमज रूढ झाला आहे. समुपदेशन म्हणजे वडीलधाऱ्यांचा उपदेश, धीराचे चार शब्द, फार तर एखादे व्याख्यान, अशी सुशिक्षितांचीही समजूत असते. वस्तुतः बोलण्यातून करावयाचा मानसोपचार हे शिकून घ्यावे लागणारे शास्त्र आहे. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि अ‍ॅरन बेक यांनी १९६० नंतरच्या दशकात या शास्त्राच्या एका प्रमुख शाखेचा पाया घातला. घटनेइतकाच त्या घटनेचा आपण लावलेला अर्थ माणसाला छळतो आणि हा अर्थ तपासून बदलता येतो, हे त्यामागील सूत्र होय. मराठीत कि. मो. फडके यांनी एलिस यांच्या विचाराचा प्रसार केला. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी उभारलेल्या संस्थेने मनाच्या आरोग्याची भाषा मध्यमवर्गीय घरांत नेली. मराठवाड्याच्या खेड्यांत ती अद्याप पुरती पोचलेली नाही.

हा उपचार चालतो कसा? बँकेची नोटीस आलेला शेतकरी घ्यावा. तो पाकीट फोडीत नाही, शाखेच्या रस्त्याने जात नाही, ओळखीचा कारकून दिसला की तोंड चुकवितो. टाळल्यामुळे क्षणभर सुटका वाटते, आणि नेमकी हीच सुटका भयाला पोसते. कारण पाकिटात काय आहे हे न कळल्याने मन त्यात जप्तीपासून बेअब्रूपर्यंत सारे काही घालून ठेवते. (चिंतेलाही चक्रवाढ व्याज लागते, फरक इतकाच, की तिच्या खात्याचा उतारा कोणी देत नाही.) समुपदेशक प्रथम ऐकतो, घाई न करता ऐकतो. मग मनात येणारे वाक्य जसेच्या तसे कागदावर उतरविले जाते, त्याला आधार काय हे दोघे मिळून तपासतात आणि पुढील भेटीपर्यंतचे एक लहान काम ठरते. पहिल्या आठवड्यात पाकीट फोडून रक्कम लिहावयाची, दुसऱ्या आठवड्यात पुतण्याला बरोबर घेऊन शाखेत जावयाचे. मार्चअखेरीच्या हिशेबाने झोप उडालेला लिपिक आणि नापासाच्या धास्तीने पुस्तकच न उघडणारा विद्यार्थी यांच्या बाबतीतही पद्धत हीच, फक्त कामे निराळी.

परंतु हे करावयाचे कोणी? देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, आणि जे आहेत ते बहुतांशी शहरांत. या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या गोव्याने शोधले. तेथे डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी, वैद्यकाची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन दवाखान्यांत समुपदेशक म्हणून नेमले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, चिंता व नैराश्याच्या विकारांचे सरकारी दवाखान्यांतील ६५.९ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. जेथे असे समुपदेशक नव्हते तेथे हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक आढळला नाही, हेही नमूद केले पाहिजे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत याच धर्तीवर चाललेल्या कार्यक्रमाचे निष्कर्ष २०१७ साली आले. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. अमरावती हा कापसाचा व कर्जाचा जिल्हा आहे. मानवत आणि सेलूच्या कापूसबाजाराला हे चित्र अपरिचित नाही.

परभणीलाही शासनाने वगळले नव्हते. २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू झाला, त्यात मराठवाड्याचे सर्व जिल्हे होते. आशा कार्यकर्तींनी घरोघर जाऊन प्रश्नावली भरावी आणि चिंताग्रस्त माणसाला जिल्हा रुग्णालयापर्यंत पोचवावे, अशी योजना. कल्पना उत्तम, पण प्रश्नावली भरणे म्हणजे समुपदेशन नव्हे. लसीकरणापासून बाळंतपणापर्यंत डझनभर कामांचा भार वाहणाऱ्या बाईकडे आणखी एक तक्ता सोपवायचा आणि तिने माणसाच्या मनातले ओळखावे अशी अपेक्षा धरायची, यात काटकसर असेल, शहाणपण नाही. गोव्याच्या समुपदेशकांपाशी प्रशिक्षण होते, देखरेख करणारा तज्ज्ञ होता आणि मुख्य म्हणजे याच कामासाठी राखून ठेवलेला वेळ होता.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पाऊस दगा देतो, सोयाबीनला भाव मिळत नाही, सावकार दारात उभा राहतो. अशा वेळी मनाची समजूत घालणे ही फसवणूक नव्हे काय? समुपदेशन कर्जमाफीची किंवा हमीभावाची जागा घेऊ लागले, तर ती निश्चित फसवणूक ठरेल. मात्र झोप हरवलेला माणूस पीकविम्याचा अर्ज वेळेत भरू शकत नाही, कर्जाच्या पुनर्गठनासाठी बोलणी करू शकत नाही, शेतात काय पेरावे हेही ठरवू शकत नाही. धोरण बदलेपर्यंत त्याला निर्णयक्षम ठेवणे हे आर्थिक कार्यच आहे. बोलून मन हलके करणे या मातीला परके तर मुळीच नाही. गंगाखेडच्या जनाबाईने दळता-कांडता विठोबाजवळ मन मोकळे केले आणि जात्यावर बसणाऱ्या कितीतरी बायांनी पहाटेच्या अंधारात तेच केले. जाते गेले, गिरणी आली. बोलण्याची ती वेळही गेली. पुरुषांना तर अशी जागा कधी नव्हतीच. पारावर राजकारण निघते, घरातली नोटीस निघत नाही.

१० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही दूरध्वनीसेवा देशभर सुरू झाली, तिच्यावर मराठीतही बोलता येते आणि शुल्क पडत नाही. पण एकाच खोलीत पाच माणसे राहतात अशा घरात हा दूरध्वनी करावयाचा कोठून? आरोग्य केंद्रातही रुग्णाच्या मागे दहाजण कान देऊन उभे असतात. तेथे मनातले कोण बोलणार? प्रत्येक केंद्रात दार बंद होईल अशी एक खोली, दोन खुर्च्या, एक प्रशिक्षित माणूस आणि आठवडी बाजाराला जोडून ठरलेला एक दिवस, इतकी तरतूद जिल्ह्याच्या नियोजनात बसविणे अशक्य नाही. बाजाराला आलेला माणूस त्या दिवशी केंद्रात गेला, तर तो कशासाठी गेला हे गावाला कळण्याचेही कारण उरत नाही.