छातीतली नळी आणि तिचा व्रण

अपघातात बरगडी मोडून फुफ्फुसाला भोक पडलं किंवा न्यूमोनियानंतर छातीत पू साचला, की डॉक्टर सांगतात, 'आयसीडी टाकावी लागेल.' आयसीडी म्हणजे इंटरकॉस्टल ड्रेन, छातीतली हवा किंवा पू बाहेर काढणारी नळी. काखेखाली दोन बरगड्यांमधून ती आत जाते आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात साधारण २ सेंटिमीटर बुडवतात. हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते, परत शिरत नाही. हॅम्बर्गच्या गॉटहार्ड ब्यूलाऊ यांनी १८७५ मध्ये योजलेली ही युक्ती आजही चालते.

नातेवाइकांचे डोळे बाटलीवर खिळलेले असतात. मला मात्र त्वचेवरचा टाका तितकाच मोलाचा वाटतो. नळी निसटली तर हवा आत शिरून फुफ्फुस पुन्हा मिटू शकतं. म्हणून जाड रेशमी धाग्याने ती त्वचेला बांधतात. नुसत्या चिकटपट्ट्यांच्या थरांवर भिस्त ठेवता येत नाही. त्यांच्याखाली घाम साचतो आणि छाती नीट हलत नाही.

जखम मिटवायला पूर्वी नळीभोवती गोल टाका घालत आणि नळी निघताना तो बटव्याच्या नाडीसारखा आवळत. भोक मिटायचं, पण सरळ छेदाचं चुणीदार, दुखरं वर्तुळ होऊन बसायचं. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनी असा टाका घालूच नये असं बजावलं. त्याऐवजी छेदाच्या दोन कडा समोरासमोर आणणारा मॅट्रेस टाका आधीच घालून सैल ठेवता येतो. नळी काढायला दोघं असलेली बरी. रुग्ण श्वास रोखून धरतो, एकजण नळी झटकन ओढतो आणि त्याच क्षणी दुसरा गाठ मारतो.

व्रण किती दिसेल हे छेदाच्या दिशेवरही ठरतं. व्हिएन्नाच्या कार्ल लँगर यांनी १८६१ मध्ये मृतदेहांच्या त्वचेला गोल टोच्याने भोकं पाडली, तर ती लांबट झाली. कारण त्वचेला ठरावीक दिशेने ताण असतो. छातीच्या कडेला हा ताण ढोबळमानाने बरगड्यांच्या दिशेने असतो, म्हणून बरगडीला समांतर छेद कमी ओढला जातो.

टाका फार आवळला तर कडांचा रक्तपुरवठा तुटतो. फार दिवस राहिला तर धाग्याच्या आडव्या खुणा कायमच्या उमटतात. लवकर काढावा, तर आठवडाभरात जखमेला मूळ त्वचेच्या जेमतेम ३ टक्के ताकद आलेली असते. ८० टक्क्यांपर्यंत पोचायला तीन महिने लागतात. तेव्हा टाका काढण्याची तारीख घरी जाण्याआधीच विचारून घ्यावी. छाती आणि खांद्यावर केलॉइड, म्हणजे जाड होऊन जखमेबाहेर पसरणारा व्रण, होण्याची शक्यता अधिक, त्यामुळे व्रण खाजू लागला किंवा जखमेच्या कडेबाहेर वाढू लागला तर लगेच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.