पडद्यावरची परभाषा – भाग ६ : व्हिडिओखालची ओळ

मागच्या भागात परभाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपसाठी व्हिडिओ कसे निवडावेत, हे पाहिले. आज त्या व्हिडिओखाली सरकणाऱ्या ओळींकडे, म्हणजे सबटायटलकडे वळू. अशा अ‍ॅपवर सर्वांत जास्त मेहनत कुठे घ्यावी असे कुणी विचारले, तर मी याच ओळींकडे बोट दाखवीन.

या ओळींची ताकद आपल्या देशाला नवी नाही. १९९६ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकणारे ब्रिज कोठारी मित्रांबरोबर स्पॅनिश सिनेमा पाहत होते. सबटायटल इंग्रजी होते. ते स्पॅनिशमध्येच असते तर भाषा कानाबरोबर डोळ्यांनीही शिकता आली असती, असे त्यांच्या मनात आले. त्यातूनच हिंदी गाण्यांखाली हिंदीच ओळी देण्याची कल्पना निघाली. १९९९ मध्ये अहमदाबाद दूरदर्शनच्या ‘चित्रगीत’मध्ये गुजराती गाण्यांखाली गुजराती शब्द झळकू लागले. उद्देश साक्षरतेचा होता, पण सूत्र आपल्याला हवे तेच आहे : जो शब्द कानावर पडतो, तोच त्या क्षणी डोळ्यांना दिसावा.

‘त्या क्षणी’ म्हणजे नेमके कधी, इथे खरे काम सुरू होते. गाझियाबादच्या वैशाली स्थानकातून दिल्लीच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकायला जाणारी एखादी विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. तिची ब्लू लाइन मेट्रो यमुना बँक, इंद्रप्रस्थपर्यंत उघड्यावरून धावते आणि मंडी हाउसच्या अलीकडे जमिनीखाली शिरते. तिचा अभ्यास याच प्रवासात होतो. भुयारात नेटवर्कचा भरवसा धरता येत नाही, म्हणून धडा घरूनच डाउनलोड झालेला हवा. या एका गरजेने बरेच निर्णय आपोआप होतात. यूट्यूबचा व्हिडिओ अ‍ॅपमध्ये दाखवता येतो, पण तो उतरवून फोनमध्ये साठवण्याची परवानगी आपल्याला नसते. तेव्हा चित्रण स्वतःचे हवे, किंवा रीतसर हक्क घेतलेले. तीन मिनिटांची क्लिप सेकंदाला ८०० किलोबिट या दराने सुमारे १८ एमबी भरते. जागा वाचवायची तर चित्राची प्रत उतरवा, आवाजाला मात्र हात लावू नका. ९६ किलोबिटचा आवाज त्या १८ पैकी जेमतेम २ एमबी घेतो. तो दाबला की स, श, फ यांच्यातला फरक पुसट होतो, आणि नव्या भाषेत शिकणाऱ्याला तोच तर पकडायचा असतो.

आता ओळी. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये खुले केलेले ‘व्हिस्पर’ ६,८०,००० तासांच्या ध्वनीवर तयार झाले आहे आणि जर्मन बोलणे झरझर उतरवते. पण त्याला नीटनेटके लिहिण्याची सवय आहे. बोलणारा अडखळला, एखादा शब्द दोनदा म्हणाला, तर ते गाळले जाते. शांततेच्या जागी कधी कुणीही न उच्चारलेले वाक्यसुद्धा येते. वाचकाला चालेल, शिकणाऱ्याला नाही. म्हणून यंत्राचा मसुदा शिक्षकाने ऐकून दुरुस्त करावा. मग ती पक्की संहिता आणि ध्वनी एकत्र देऊन प्रत्येक शब्दाची सुरुवात व शेवट यंत्राकडून मोजून घ्यावा. ‘मॉन्ट्रियल फोर्स्ड अलाइनर’ हे मोफत साधन हे काम करते. काय बोलले हे ठाऊक असल्यामुळे त्याला फक्त कधी बोलले एवढेच शोधायचे असते.

एवढे करूनही जर्मन भाषा पेच टाकते. ‘इश रूफं डिश मॉर्गन आन’ म्हणजे ‘मी तुला उद्या फोन करीन’. यात क्रियापद ‘आनरूफन’ आहे, पण त्याचा ‘आन’ तुटून वाक्याच्या टोकाला गेला आहे. विद्यार्थिनीने ‘रूफं’वर बोट ठेवले आणि अ‍ॅपने नुसत्या ‘रूफन’चा अर्थ ‘हाक मारणे’ दाखवला, तर ती चुकीचे शिकेल आणि तिला ते कळणारही नाही. तेव्हा शब्दांना वेळेबरोबर मूळ रूपाचीही जोड द्यावी लागते आणि दोन तुकडे एकत्र उजळावे लागतात. पुढच्या भागातली उजळणीची यादीही याच मूळ रूपांवर उभी राहील.

राहिली मातृभाषेतली ओळ. बेल्जियममधील ल्यूवेन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये दाखवून दिले की पडद्यावर ओळ आली की नजर आपसूक तिकडे जाते, गरज नसली तरीही. जर्मनखाली मराठी ओळ कायम ठेवली तर डोळे तीच वाचणार आणि कान सुटी घेणार. म्हणून ती बटण दाबल्यावरच दिसावी. पण ती असावी, आणि चांगली असावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी १०,००० कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यासाठी जर्मन शिकणाऱ्या इलेक्ट्रिशियनला किंवा नर्सला आधी इंग्रजीचा डोंगर चढायला लावणे अन्यायाचे आहे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकलेल्या मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या आहेत. ही ओळ त्यांच्याकडून लिहून घ्यावी, भाषांतर यंत्राकडून नव्हे, आणि त्या कामाचा मोबदला अ‍ॅपच्या खर्चात पहिल्या दिवसापासून धरावा.