पाळक: पदवी आणि दीक्षा

बायबल कॉलेजची पदवी घेतली की माणूस पाळक (ख्रिस्ती मंडळीचा धर्मगुरू) होतो, असा समज पुष्कळांचा असतो. नरसिंहपूर-इंदापूर भागातला तरुण पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकला, तरी झाले ते शिक्षण. वकिलीच्या पदवीनंतर सनद लागते, तशी इथे दीक्षा (डोक्यावर हात ठेवून केलेली नेमणूक) लागते. ती चर्च देते, कॉलेज नव्हे. त्याआधी बहुधा उमेदवारी असते: प्रवचने, आजाऱ्यांच्या भेटी, अंत्यविधी. शिवाय मंडळीतली भांडणे मिटवणे, जे वर्गात बसून फारसे येत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, पाळकदीक्षा मात्र १९०४ची. कवी म्हणून नाव झाले, तरी ही पायरी त्यांनाही चुकली नाही.